उड्डाणाच्या प्रतिमेमागील माणूस : आफ्रिकन-अमेरिकन कथात्म साहित्यातील आत्महत्या आणि मानसिक आरोग्याचा प्रश्न

आफ्रिकन-अमेरिकन साहित्याचा मराठी समीक्षेला परिचय झाला तो प्रामुख्याने विद्रोहाचे साहित्य म्हणून. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीकडून केवळ नाव घेतले नाही. अन्यायाला उत्तर देण्याची एक भाषाही घेतली. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या साहित्याची मराठी वाचकाला ओळख करून दिली आणि पुढे दलित साहित्य व कृष्णवर्णीयांचे साहित्य यांच्या तौलनिक अभ्यासाची परंपरा विद्यापीठांतून रुजली. वेदना, नकार, विद्रोह, अस्मिता ही या अभ्यासाची परिचित शब्दावली होय. तिची उपयुक्तता वादातीत आहे. तथापि वेदनेकडून विद्रोहाकडे जाणाऱ्या या वाटेवर जो माणूस मध्येच कोसळतो, ज्याच्यापाशी नकार देण्याइतकेही बळ उरत नाही, त्याला या शब्दावलीत जागा सापडत नाही. तो समीक्षेत आलाच तर प्रतीक होऊन येतो.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात मानसिक आरोग्य आणि आत्महत्या प्रतिबंध यांविषयी गेल्या काही दशकांत जे कार्य उभे राहिले, त्याच्या प्रकाशात तेथील काही महत्त्वाच्या कादंबऱ्या पुन्हा वाचल्या असता हा अभाव ठळकपणे जाणवतो. टोनी मॉरिसन, जेम्स बाल्डविन, टोनी केड बंबारा आणि बेबी मूर कॅम्पबेल या चार लेखकांच्या आधारे प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

‘आपल्यात असे होत नाही’

कृष्णवर्णीय माणसाच्या मनाविषयी अमेरिकन वैद्यकाने जे सांगितले त्याचा इतिहास लाजिरवाणा आहे. १८४० च्या जनगणनेतील सदोष आकड्यांवरून, उत्तरेतील मुक्त कृष्णवर्णीयांमध्ये वेडाचे प्रमाण दक्षिणेतील गुलामांपेक्षा कितीतरी अधिक आहे, असा निष्कर्ष काढला गेला आणि जॉन कॅल्हूनसारख्या नेत्याने तो गुलामगिरीच्या समर्थनार्थ वापरला. एडवर्ड जार्व्हिस या वैद्याने त्या आकड्यांतील चुका दाखवून दिल्या, तरी ते आकडे फिरतच राहिले. १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने तर गुलामाने पळून जाणे हाच एक मानसिक रोग ठरवला आणि त्याला ‘ड्रॅपेटोमेनिया’ असे ग्रीक नाव दिले. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नागरी हक्कांच्या लढ्याच्या काळात छिन्नमनस्कतेचे निदान कृष्णवर्णीय पुरुषांच्या वाट्याला विशेषत्वाने कसे येऊ लागले, हे जोनाथन मेट्झल यांनी मिशिगनमधील आयोनिया येथील रुग्णालयाच्या नोंदींवरून दाखविले आहे.

ज्या समाजाला ‘वेडा’ हा शब्द बेडीसारखा वापरलेला ठाऊक आहे, तो समाज आपल्या दुःखाला आजार म्हणावयास सहजी तयार होईल, अशी अपेक्षा करणेच चूक. त्यातून एक बचावाची समजूत दृढ झाली : आत्महत्या हा गोऱ्यांचा प्रश्न आहे, गुलामगिरीतून तरलेली माणसे अशी मोडत नसतात. एकूण लोकसंख्येतील आत्महत्येचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी असल्याने या समजुतीला आकड्यांचाही टेकू मिळाला. परंतु सरासरीच्या आड तरुणांचे आकडे दडले होते. १९८० ते १९९५ या काळात १० ते १९ वयोगटातील कृष्णवर्णीयांच्या आत्महत्येचे प्रमाण लाखामागे २.१ वरून ४.५ वर, म्हणजे दुपटीहून अधिक झाले. २०१८ ते २०२१ या अवघ्या तीन वर्षांत १० ते २४ वयोगटातील प्रमाण लाखामागे ८.२ वरून ११.२ वर गेले. ५ ते १२ वर्षांच्या बालकांमध्ये तर २००१ ते २०१५ या काळात कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या सुमारे दुप्पट आढळले. या शेवटच्या आकड्यापुढे कोणतीही समजूत टिकू नये.

समाजशास्त्राचीही येथे फारशी मदत होत नाही. एमिल दुर्खीम यांनी १८९७ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात अतिनियंत्रणातून घडणाऱ्या ‘दैववादी’ आत्महत्येचा प्रकार सांगितला आणि गुलामांच्या आत्महत्यांचा त्यात समावेश केला. पण तो तळटीपेत. समकालीन महत्त्व कमी म्हणून तळटीपेत ढकललेला हा प्रकार अनेक पिढ्यांच्या जगण्याचे वर्णन होता.

मॉरिसन : छपरावरील विमा प्रतिनिधी

टोनी मॉरिसन यांच्या ‘साँग ऑफ सॉलोमन’ (१९७७) या कादंबरीची सुरुवात सर्व अभ्यासकांच्या परिचयाची आहे. १८ फेब्रुवारी १९३१. नॉर्थ कॅरोलिना म्युच्युअल या विमा कंपनीचा प्रतिनिधी रॉबर्ट स्मिथ, निळ्या रेशमाचे पंख लावून रुग्णालयाच्या छपरावर उभा आहे. आपण दुपारी तीन वाजता येथून उडून सुपीरियर सरोवर ओलांडणार आहोत, अशी चिठ्ठी त्याने दोन दिवस आधीच स्वतःच्या दारावर लावली आहे. खाली जमाव आहे. एक स्त्री गाते आहे. मखमली गुलाबपाकळ्या बर्फावर सांडतात. स्मिथचा अंत होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच रुग्णालयात नायकाचा, मिल्कमनचा, जन्म होतो.

या प्रसंगाचा अर्थ लावताना समीक्षा लगेच आकाशाकडे पाहते. त्यास कारणही आहे. १८०३ मध्ये जॉर्जियातील सेंट सायमन्स बेटावर उतरविलेल्या इग्बो बंदिवानांनी गुलामगिरी पत्करण्याऐवजी पाण्यात पाऊल टाकले. लोकस्मृतीत ही घटना आफ्रिकेकडे परत उडून गेलेल्या माणसांची कथा बनली, आणि १९३० च्या दशकात जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील वृद्धांकडून अशा कथा टिपून घेण्यात आल्या. मॉरिसन यांनी हे द्रव्य जाणीवपूर्वक वापरले. त्यामुळे स्मिथचे उडणे हे फसलेले उड्डाण, मिल्कमनचे अखेरचे झेपावणे हे सफल उड्डाण, आणि मधली कादंबरी म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा प्रवास, अशी सुबक मांडणी करता येते. वर्गात शिकवायलाही ती सोयीची आहे.

अडचण एवढीच, की खुद्द कादंबरी या मांडणीला पूर्णपणे साथ देत नाही. रॉबर्ट स्मिथ तसा का वागला, याचे उत्तर कादंबरीच्या बऱ्याच पुढच्या भागात मिळते, आणि ते आकाशातले नाही. ‘सेव्हन डेज’ या सात पुरुषांच्या गुप्त संघटनेचा तो सदस्य होता. कृष्णवर्णीयाची हत्या झाली आणि न्यायालयाने काहीच केले नाही, की त्याच पद्धतीने एका गोऱ्याची हत्या करणे, हे या संघटनेचे काम. सदस्याने लग्न करायचे नाही, मुले होऊ द्यायची नाहीत, कोणाजवळ बोलायचे नाही. गिटार हे सारे मिल्कमनला समजावून सांगतो तेव्हा स्मिथचाही उल्लेख येतो : भार असह्य झाला तर माणसाने स्वतःला संपवावे, पण फुटून जाऊन कोणाला सांगू नये, असा त्या संघटनेचा दंडक आहे. उड्डाणाच्या प्रतिमेखाली गाडला गेलेला मजकूर तो हाच. विमा हप्ते गोळा करीत दारोदार फिरणारा, सर्वांच्या ओळखीचा आणि कोणाच्याच जवळचा नसलेला हा माणूस मौनाच्या नियमाने मारला गेला आहे. त्याची चिठ्ठी ही गद्य वाक्यांत केलेली हाक होती आणि गावाने तिला तमाशाचे आमंत्रण मानले.

याच कादंबरीत हेन्री पोर्टरचा प्रसंग आहे. तोही ‘सेव्हन डेज’चा सदस्य. दारूच्या नशेत बंदूक घेऊन तो माळ्याच्या खिडकीत उभा राहतो, मरणाची भाषा बोलतो, रडतो. खालून बायका त्याची टिंगल करतात आणि घरमालक मेकन डेड भाडे मागायला येतो. हा प्रसंग विनोदी अंगाने लिहिलेला आहे, हे खरे. परंतु विनोद कोणाच्या खर्चाने होतो आहे हे मॉरिसन विसरलेल्या नाहीत. त्या रात्री पोर्टर वाचतो. तो का वाचला, याची चर्चा समीक्षेत विरळाच, कारण वाचलेल्या माणसाचे प्रतीक होत नाही.

उड्डाणाची किंमत कोण मोजते, हा प्रश्नही कादंबरीच विचारते. पूर्वज सॉलोमन आफ्रिकेकडे उडून गेला, ही मिल्कमनला मिळालेली अभिमानाची गोष्ट. त्या गोष्टीच्या तळाशी त्याची पत्नी रायना आहे. पदरात एकवीस मुले टाकून नवरा गेला आणि तिची शुद्ध हरपली. जिथे वाऱ्याचा आवाज हुंदक्यासारखा येतो त्या घळीला तिचे नाव आहे. आत्महत्येनंतर मागे राहणाऱ्या कुटुंबीयांच्या दुःखाची स्वतंत्र दखल प्रतिबंधाच्या कार्याने फार उशिरा घेतली. मॉरिसन यांनी १९७७ मध्येच तिला नकाशावर जागा दिली होती.

मॉरिसन यांच्या आधीच्या ‘सुला’ (१९७३) मध्ये पहिल्या महायुद्धातून मनाने उद्ध्वस्त होऊन परतलेला शॅड्रॅक ३ जानेवारी १९२० रोजी ‘राष्ट्रीय आत्महत्या दिन’ सुरू करतो. त्याचाही अभ्यास मृत्यूच्या विधीचे प्रतीक म्हणून होतो. त्याला रुग्णालयातून का सोडले, हे मात्र निसटते : खाटा कमी होत्या. २१७ डॉलर, एक पोशाख आणि काही कागदपत्रे देऊन त्याला रस्त्यावर आणून सोडले गेले.

बाल्डविन : मागे राहिलेल्यांची कादंबरी

जेम्स बाल्डविन यांच्या मित्राने, यूजीन वर्थ यांनी, १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून आपले जीवन संपविले. दोन वर्षांनी बाल्डविन पॅरिसला निघून गेले. देशात राहिलो तर आपलीही तीच गत होईल, ही भीती त्यामागे होती. ‘अनदर कंट्री’ (१९६२) मधील रूफस स्कॉट हा ड्रमवादक या मृत्यूतून आला.

बाल्डविन यांनी रूफसला पहिल्याच प्रकरणात नाहीसे केले आणि उरलेली प्रदीर्घ कादंबरी मागे राहिलेल्यांना दिली, याबद्दल त्यांच्यावर रचनेच्या शिथिलतेचा आक्षेप घेतला गेला. हा आक्षेप मान्य होण्यासारखा नाही. आत्महत्येनंतर उरलेल्यांच्या आयुष्याची रचनाच तशी होते; केंद्रस्थानी पोकळी आणि तिच्याभोवती माणसांची घालमेल. रूफस शेवटच्या रात्री मित्रांना भेटलेला आहे, त्यांनी त्याला जेऊ घातले आहे, आणि तो त्यांच्यातून उठून गुपचूप निघून गेला आहे. व्हिव्हाल्डोला पुढे एकच गोष्ट छळत राहते : एका रात्री रूफसला कोणीतरी मिठीत घ्यावे असे वाटत होते, ते आपल्याला कळले होते, आणि आपण हात पुढे केला नाही.

अंत्यविधीतील धर्मोपदेशकाचे भाषण येथे विशेष लक्षणीय ठरते. कृष्णवर्णीय चर्चने आत्महत्येला पाप मानून मौन लादले, असे सरसकट म्हटले जाते. बाल्डविन स्वतः किशोरवयात उपदेशक होते आणि चर्चचे कठोर टीकाकार होते; तरीही त्यांचा हा उपदेशक दफनभूमीच्या पावित्र्याचा प्रश्न बाजूला सारतो आणि दुसऱ्याच्या हृदयात काय चालले होते हे कोणालाच ठाऊक नसते, एवढेच सांगतो. हार्लेममधील वास्तवही या सरसकट विधानाला छेद देणारे आहे. १९४६ मध्ये तेथील सेंट फिलिप्स एपिस्कोपल चर्चच्या तळघरातच लाफार्ग क्लिनिक सुरू झाले. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्दम, कादंबरीकार रिचर्ड राइट आणि धर्मगुरू शेल्टन हेल बिशप हे त्यामागे होते. पंचवीस सेंट शुल्क. ज्याच्यापाशी तेही नाही त्याला मोफत. सुमारे एक तप हे केंद्र चालले, आणि राल्फ एलिसन यांनी त्यावर महत्त्वाचा निबंध लिहिला. (ज्या पॉल लाफार्ग यांचे नाव या केंद्राला दिले, त्या मार्क्सच्या जावयाने १९११ मध्ये पत्नी लॉरासह स्वतःच जीवन संपविले होते, हा एक विलक्षण योगायोग.)

विद्रोह आणि थकवा

ब्लॅक पँथर पक्षाचे सहसंस्थापक ह्यूई न्यूटन यांनी १९७३ मध्ये आपल्या आत्मचरित्राला ‘रिव्होल्यूशनरी सुइसाइड’ असे नाव दिले. दडपणाखाली असहाय होऊन मरणे आणि मृत्यूचा धोका पत्करून व्यवस्थेशी लढणे, असा भेद ते करतात. लढणे म्हणजे मरणाची इच्छा नव्हे, असेही ते बजावतात. ही भूमिका समजण्यासारखी आहे. परंतु तिच्यामुळे जो लढता लढता आतून रिता झाला त्याचे मरण ‘प्रतिगामी’ सदरात जमा होते. मराठीतही या ठिकाणी सावध राहणे आवश्यक आहे. ‘जीव दिला’ या आपल्या रूढ शब्दप्रयोगात देण्याचा, म्हणजे दानाचा, ध्वनी आहे; ‘आत्मार्पण’, ‘बलिदान’ हे शब्द तर हाताशीच असतात. चळवळीच्या भाषेतून लिहिणारा समीक्षक नकळत मृत्यूला कर्तृत्व बहाल करतो.

या कोंडीतून खरी वाट टोनी केड बंबारा यांच्या ‘द सॉल्ट ईटर्स’ (१९८०) या कादंबरीने काढली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. येथे कादंबरी सुरू होते तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न होऊन गेलेला आहे आणि व्हेल्मा हेन्री जिवंत आहे. जॉर्जियातील क्लेबोर्न या काल्पनिक गावातील आरोग्यकेंद्रात ती एका स्टुलावर बसली आहे. समोर मिनी रॅन्सम ही पारंपरिक उपचार करणारी वृद्धा, भोवती प्रार्थना करणारी बारा माणसे, बाजूला आधुनिक वैद्यकातील डॉक्टर. वर्तमानातील सारी कृती जवळपास एवढीच. बरे होण्याची तुझी खरोखर तयारी आहे का, असे मिनी तिला आरंभीच विचारते. बरे होणे ही हलकी गोष्ट नाही, तिचाही भार असतो, हे ती जाणते.

व्हेल्मा ही असहाय अबला नाही; ती कार्यकर्ती आहे. सभांचे आयोजन, हिशोब, जेवणखाण, निधी ही कामे स्त्रियांनी उपसायची आणि पुढाऱ्यांनी गाडीतून उतरून भाषण करायचे, हा अनुभव तिच्या गाठीशी आहे. तिला मोडले ते वंशभेदाने, तसेच आपल्याच चळवळीतील श्रमविभागणीने. मिशेल वॉलेस यांनी १९७९ च्या सुमारास कणखर कृष्णवर्णीय स्त्रीच्या मिथकावर जे टीकास्त्र सोडले, त्याचीच ही कथात्म बाजू होय. त्याआधी १९७६ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या न्टोझाके शँगे यांच्या ‘फॉर कलर्ड गर्ल्स’ या नाट्यकाव्याने आपल्या लांबलचक शीर्षकातच आत्महत्येचा विचार केलेल्या मुलींना संबोधिले होते. विचार केलेल्या, म्हणजे अद्याप हयात असलेल्या.

बंबारा यांची कादंबरी वाचायला कठीण आहे. कालक्रम मोडलेला, पात्रांची गर्दी, रसायन कारखान्याचे उपकथानक, पुराकथांचे संदर्भ. काही ठिकाणी ती स्वतःच्याच भाराने वाकते. तथापि या गर्दीला कारण आहे. एका व्यक्तीला जगवायला किती माणसांचा, किती स्मृतींचा आणि किती प्रकारच्या ज्ञानाचा मेळ लागतो, ते ही कादंबरी रचनेनेच सांगते. मानसोपचार की सामाजिक परिवर्तन, हा पर्याय ती नाकारते.

कॅम्पबेल : कलामूल्याचा प्रश्न

बेबी मूर कॅम्पबेल यांची ‘सेव्हन्टी-टू अवर होल्ड’ (२००५) ही कादंबरी वरील कोणत्याही कृतीच्या तोडीची नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. द्विध्रुवीय विकार जडलेली अठरा वर्षांची ट्रीना आणि तिची आई केरी यांची ही कथा. मुलगी सज्ञान, त्यामुळे तिच्या संमतीविना उपचार नाहीत. स्वतःला वा इतरांना धोका असल्यास कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार बहात्तर तास रुग्णालयात ठेवता येते. गुलामांना पळून जाण्यास मदत करणाऱ्या ‘अंडरग्राउंड रेलरोड’च्या धर्तीवर एक गुप्त गट मुलीला उपचारासाठी घेऊन जातो, हा उत्तरार्ध ओढूनताणून आणलेला वाटतो.

असे असूनही, कार्टराइटने पळून जाण्याला रोग ठरविले त्यानंतर दीडशे वर्षांनी कॅम्पबेल यांनी रोगातून पळून जाण्याला मुक्ती ठरविले, ही उलथापालथ दुर्लक्षिण्याजोगी नाही. आजाराला त्यांनी आजार म्हटले, त्याला कशाचेही प्रतीक केले नाही. स्वतःच्या कुटुंबातील अनुभवातून त्या या कार्यात आल्या होत्या. लॉस एंजेलिस परिसरात मनोरुग्णांच्या नातेवाइकांची संघटना उभारण्यात त्यांचा वाटा होता. २००३ मध्ये त्यांनी मानसिक आजार असलेल्या आईच्या मुलीची गोष्ट बालवाचकांसाठी लिहिली. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २००८ मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाने जुलै हा अल्पसंख्याकांच्या मानसिक आरोग्य जागृतीचा महिना म्हणून त्यांच्या नावाने घोषित केला.

या कार्याच्या मर्यादाही आहेत. जागृतीची भाषा प्रश्नाला व्यक्तीच्या मेंदूपुरता आणि मदत मागण्याच्या धैर्यापुरता आक्रसून टाकते. मदत मागितल्यावर ती कोठे, कोणाकडून आणि किती पैशांत मिळणार, हा प्रश्न मागे पडतो. कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅल्विन पुसाँ आणि पत्रकार एमी अलेक्झांडर यांनी ‘ले माय बर्डन डाउन’ (२०००) या ग्रंथात दोन्ही टोके एकत्र धरण्याचा प्रयत्न केला. काँग्रेसमधील कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाने तरुणांच्या आत्महत्यांविषयी २०१९ मध्ये कृतिदल नेमले आणि त्याच वर्षी त्याचा अहवाल आला. २०२२ पासून ९८८ हा तीन अंकी दूरध्वनी क्रमांक देशभर सुरू झाला. मात्र वेड्या ठरविल्या गेलेल्या माणसाच्या दारात रुग्णवाहिकेऐवजी पोलीस उभे राहण्याची धास्ती ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवली, त्यांनी तो क्रमांक किती विश्वासाने फिरवावा, हा प्रश्न क्रमांक छोटा केल्याने सुटत नाही.

२०१६ पासून ‘द कन्फेस प्रोजेक्ट’ ही संस्था कृष्णवर्णीय वस्त्यांतील केशकर्तनकारांना एक वेगळे प्रशिक्षण देत आहे : खुर्चीत बसलेल्या माणसाचे ऐकावे कसे, धोक्याची चिन्हे ओळखावी कशी, आणि पुढच्या मदतीकडे त्याला न्यावे कसे. मॉरिसन यांच्या कादंबरीतही असेच एक केशकर्तनालय आहे. रेलरोड टॉमी आणि हॉस्पिटल टॉमी ते चालवितात. एमेट टिलच्या हत्येची बातमी तेथील पुरुष रेडिओवर ऐकतात आणि प्रत्येक जण आजवरच्या अत्याचारांची आपापली उजळणी करतो. हे दोन्ही टॉमी ‘सेव्हन डेज’चे सदस्य आहेत. रॉबर्ट स्मिथ त्याच संघटनेत होता. जगातील सर्व अन्यायांवर बोलून झाल्यावर तेथील एकाही पुरुषाने दुसऱ्याला, तुझे कसे चालले आहे, असे विचारल्याची नोंद कादंबरीत नाही.